ई-मेलमधील कलंडलेली छायाचित्रे : कारणे व उपाय

एका दोनशिक्षकी शाळेची पश्चिमेकडील भिंत पावसाळ्यात तडकली आहे, अशी कल्पना करावी. मुख्याध्यापक मोबाईल उभा धरून भेगेची तीन छायाचित्रे काढतात, दुरुस्तीच्या मागणीचे पत्र ई-मेलने लिहितात आणि ती छायाचित्रे पत्राच्या मजकुरातच बसवून तालुक्याच्या कार्यालयाकडे रवाना करतात. कार्यालयातील संगणकावर ते पत्र उघडले जाते तेव्हा तिन्ही छायाचित्रे कुशीवर पडलेली असतात. त्यांपैकी एकात दरवाजाची चौकट आली असल्यामुळे ते कलंडले आहे हे पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. परंतु उरलेली दोन छायाचित्रे अगदी जवळून घेतलेली असून त्यांत गिलावा आणि भेग यांवाचून दुसरे काहीच नाही. जोत्यापासून वर चढत गेलेली भेग त्यांत जमिनीला समांतर गेलेली दिसते. वर चढणारी भेग पाया खचल्याची सूचना देणारी असू शकते. छताच्या पातळीवर आडवी गेलेली भेग पुष्कळदा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्यामुळे पडलेली असते. एकीच्या बाबतीत मुलांना त्या खोलीत बसविणे धोक्याचे ठरू शकते, तर दुसरीची दुरुस्ती काही काळ लांबली तरी चालण्यासारखे असते. पाहणाऱ्या अभियंत्याने छायाचित्रावरून कोणता तर्क करावा?

अशा प्रसंगी कार्यालयाकडून "छायाचित्रे सरळ करून पुन्हा पाठवावीत" असे उत्तर येते, आणि शाळेकडून "छायाचित्रे सरळच पाठविली होती" असे प्रत्युत्तर जाते. दोन्ही पक्षांना वाटते की दुसरा पक्ष हयगय करीत आहे. वस्तुतः दोघांचेही म्हणणे खरे असते. मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर ती छायाचित्रे सरळच दिसत होती, व अजूनही सरळच दिसतात. कार्यालयाच्या पडद्यावर ती आडवीच आहेत. दोष हाताळणीचा नसून छायाचित्र साठविण्याच्या रीतीचा आहे. ती रीत एकदा समजली म्हणजे उपाय सोपा आहे. पण ती न समजता केवळ "फिरवा" असे लिहिलेले बटण दाबीत राहिल्यास गोंधळ वाढण्याचाच संभव अधिक.

ही रीत समजून घेण्यास चौकटीच्या वहीचे एक पान पुरेसे आहे. पानावर तीन घरे रुंद व चार घरे उंच अशी एक उभी चौकट आखावी आणि वरून खाली, डावीकडून उजवीकडे तिच्या घरांना १ ते १२ असे क्रमांक द्यावेत. मग २, ४, ५, ६, ८ व ११ ही घरे पेन्सिलीने काळी करावीत. वर टोक असलेला एक बाण तयार होईल. हे झाले समोरचे दृश्य.

आता मोबाईलमधील कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी जी पट्टी असते ती आयताकृती असून जागच्या जागी पक्की बसविलेली असते. मोबाईल हातात फिरविला तर ती त्याच्याबरोबर फिरते, परंतु आपल्यावरील ठिपके वाचण्याचा तिचा क्रम काही बदलत नाही. तिच्या दृष्टीने एक बाजू कायमची "वरची" असते, व त्या बाजूकडूनच ती एकेक रांग वाचीत जाते. बहुतेक मोबाईलमध्ये ही पट्टी मोबाईल आडवा धरला असता सरळ वाचली जाईल अशा बेताने बसविलेली असते. साहजिकच मोबाईल उभा धरला म्हणजे तिची वरची बाजू उजवीकडे येते, आणि वाचन उजव्या कडेपासून सुरू होते. वरील चौकटीच्या बाबतीत ती प्रथम ३, ६, ९, १२ ही घरे वाचील, नंतर २, ५, ८, ११ आणि शेवटी १, ४, ७, १०.

वर्गात एका विद्यार्थ्याने याच क्रमाने "पांढरे, काळे, पांढरे, पांढरे" असे मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने मूळ चित्र न पाहता फळ्यावर चार-चार घरांच्या तीन रांगा भराव्यात. फळ्यावर जो बाण उमटेल त्याचे टोक डावीकडे असेल. वाचणारा चुकला नाही, लिहिणाराही चुकला नाही, आणि तरीही बाण कुशीवर पडला. पाचवीच्या पुढील मुलांना हा खेळ फार आवडतो. चित्र म्हणजे मुळात रांगेने मांडलेल्या ठिपक्यांची यादी होय, ही गोष्ट त्यातून जितकी स्पष्ट होते तितकी ती व्याख्येने होत नाही.

आता या खेळात एक चिठ्ठी घालावी. वाचणाऱ्याने घरे वाचून झाल्यावर "हे चित्र उजवीकडे पाव फेरा फिरवून पाहावे" असे एका कागदावर लिहून द्यावे. ज्याने ही चिठ्ठी वाचली त्याला बाण सरळ दिसेल. ज्याने ती बाजूस टाकली त्याला तो आडवाच दिसेल. मोबाईल नेमके हेच करतो. तो ठिपके ज्या क्रमाने वाचले त्याच क्रमाने फाईलमध्ये लिहितो आणि फाईलच्या आरंभी एक लहानशी चिठ्ठी जोडतो. या चिठ्ठीचा नमुना जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ साली ठरविला. त्याला "एक्सिफ" असे नाव आहे. छायाचित्र केव्हा काढले, कोणत्या कॅमेऱ्याने काढले, इत्यादी माहितीबरोबर चित्राची दिशा दाखविणारा एक अंक या चिठ्ठीत असतो. हा अंक १ ते ८ यांपैकी असतो. १ म्हणजे चित्र आहे तसेच पाहावे, ३ म्हणजे पुरते उलटे करावे, ६ म्हणजे उजवीकडे पाव फेरा द्यावा, आणि ८ म्हणजे डावीकडे पाव फेरा द्यावा. उरलेले चार अंक आरशातील प्रतिमेप्रमाणे उलट झालेल्या चित्रांसाठी आहेत. त्यांचा प्रसंग सहसा येत नाही. बहुसंख्य मोबाईलवर उभ्या धरणीने काढलेल्या छायाचित्राच्या चिठ्ठीत ६ हा अंक असतो.

मोबाईल चिठ्ठी लिहिण्यापेक्षा चित्रच सरळ करून का ठेवीत नाही, असा प्रश्न येथे सहजच उद्भवतो. याचे उत्तर हिशेबात आहे. आजच्या साध्या मोबाईलचे छायाचित्र पुष्कळदा ४०३२ ठिपके रुंद व ३०२४ ठिपके उंच असते. म्हणजे एकूण ठिपके १ कोटी २१ लाख ९२ हजार ७६८. प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांचे तीन अंक, तेव्हा एकूण अंक साडेतीन कोटींहून अधिक. हे सारे अंक उचलून नव्या जागी मांडणे, तेही छायाचित्र काढण्याच्या क्षणी, हे पहिल्या पिढीच्या कॅमेऱ्यांना बोजड होते. त्यापेक्षा एक अंक लिहून मोकळे होणे सोयीचे. यंत्रांची शक्ती पुढे कित्येक पटींनी वाढली, तथापि ही रीत बहुतांशी तशीच चालू राहिली. जी गोष्ट वाचणाऱ्याने करावयाची ती लिहिणाऱ्याने का करावी, असा हा न्याय आहे. तो तर्काला धरून असला तरी त्याचा भुर्दंड मात्र बिचाऱ्या तिसऱ्याच माणसाला पडतो.

चिठ्ठी कोण वाचतो व कोण वाचीत नाही, यावर पुढचे सर्व अवलंबून आहे. मोबाईलमधील छायाचित्रांचा संग्रह दाखविणारी सोय, म्हणजे जिला सर्वत्र "गॅलरी" म्हणतात ती, चिठ्ठी नेहमी वाचते. यामुळेच पाठविणाऱ्यास दोषाची कल्पना येत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र एकवाक्यता नव्हती. विंडोज ७ मधील छायाचित्र दाखविणारी सोय चिठ्ठीकडे लक्ष देत नसे. पुढच्या आवृत्त्या लक्ष देऊ लागल्या. संकेतस्थळे पाहण्याचे क्रोम हे साधन पानात बसविलेल्या चित्राची चिठ्ठी आपण होऊन वाचू लागले ते २०२० साली. ज्या कार्यालयांत संगणक व त्यांवरील साधने जुनी आहेत तेथे चिठ्ठी न वाचली जाण्याचा संभव आजही आहे, आणि समोरच्या कार्यालयात काय आहे हे शाळेला कळण्याचा मार्ग नसतो.

ई-मेलमध्ये छायाचित्र दोन प्रकारांनी जाते, व या दोहोंतील भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. पहिला प्रकार जोडपत्राचा, ज्याला आपण "अटॅच करणे" म्हणतो. यात मूळ फाईल चिठ्ठीसकट जशीच्या तशी जाते. घेणाऱ्याने ती उतरवून घेऊन चिठ्ठी वाचणाऱ्या साधनात उघडली की चित्र सरळ दिसते. दुसरा प्रकार पत्राच्या मजकुरातच चित्र बसविण्याचा. येथे चित्र दाखविण्याचे काम पत्र दाखविणाऱ्या साधनाकडे येते, आणि ते चिठ्ठी वाचील किंवा न वाचील. त्याहून घातक गोष्ट अशी की, मजकुरात बसविताना चित्र लहान करण्याची सोय काही साधने करतात. लहान करणे म्हणजे ठिपके पुन्हा नव्याने लिहिणे. या नव्या लेखनात चिठ्ठी गळून पडली आणि ठिपके मात्र जुन्याच क्रमाने राहिले, तर चित्र कोणाच्याही पडद्यावर सरळ दिसणे शक्य नाही. कारण ते सरळ कसे करावे हे सांगणारी एकुलती एक खूणच हरवलेली असते. भेगेच्या उदाहरणात जे घडले ते या दोहोंपैकी एका प्रकाराने घडलेले असणार.

येथवर चिठ्ठीतील अंक बरोबर आहे असे गृहीत धरले. परंतु शाळांकडून येणाऱ्या छायाचित्रांपैकी मोठा भाग भिंतींचा वा कार्यक्रमांचा नसून कागदांचा असतो : हजेरीपटाचे पान, सभेचे इतिवृत्त, विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका, दाखल खारीज नोंदवहीतील नोंद. अशा छायाचित्रांत चिठ्ठीच चुकीची लिहिली जाण्याचे प्रमाण फार आढळते. याचे कारण मोठे मनोरंजक आहे व विज्ञानाच्या पाठात सांगण्याजोगेही आहे.

मोबाईल उभा आहे की आडवा हे त्याला गुरुत्वाकर्षणावरून कळते. त्याच्या आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म भार तितक्याच सूक्ष्म लवचिक आधारांवर तोललेला असतो. मोबाईल ज्या बाजूने धरावा त्या बाजूने तो भार किंचित ओढला जातो, आणि त्या ओढीवरून "खाली" कोणती दिशा हे ठरते. गवंड्याच्या ओळंब्याचेच हे धाकटे भावंड म्हणावयाचे. आता हजेरीपट टेबलावर पसरून त्याच्यावर मोबाईल पालथा धरला म्हणजे काय होते? गुरुत्वाकर्षणाची ओढ मोबाईलच्या लांबीच्या दिशेने नाही, रुंदीच्या दिशेनेही नाही. ती सरळ त्याच्या जाडीतून कागदाकडे जाते. ओळंबा जमिनीवर आडवा टाकून भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासारखाच हा प्रकार झाला. कागदाची वरची बाजू कोणती याविषयी मोबाईलला कसलाच पुरावा उरत नाही. अशा वेळी तो साधारणतः शेवटी कळलेली दिशाच खरी मानून चालतो, किंवा हाताच्या अल्पशा कलण्यावरून काहीतरी एक अंक लिहून टाकतो. याच कारणाने एकाच बैठकीत काढलेल्या दहा पानांपैकी सात सरळ व तीन आडवी निघतात, आणि पान क्रमांक ४ मान वाकडी करून वाचावे लागते.

यावर उपाय छायाचित्र काढतानाच करता येतो. शक्य असेल तेथे कागद टेबलावर न ठेवता फळ्यावर किंवा सूचनाफलकावर टाचणीने लावावा आणि मोबाईल उभा धरूनच छायाचित्र घ्यावे. नोंदवही असेल तर ती डेस्कच्या उतरत्या फळीवर किंवा दप्तराला टेकून तिरकी ठेवावी. मोबाईल जराही उभा झाला की ओळंब्याला दिशा सापडते. एवढेही शक्य नसेल तर मोबाईल प्रथम डोळ्यांसमोर उभा धरून कॅमेरा सुरू करावा व तसाच सावकाश कागदावर वाकवावा. पुष्कळ मोबाईलमध्ये कॅमेऱ्याच्या पडद्यावरील लहान चिन्हे मोबाईलने मानलेल्या दिशेप्रमाणे वळतात. ती उभी आहेत की कुशीवर वळली आहेत हे पाहूनच बटण दाबावे. या एका सवयीने पुढचे पुष्कळ श्रम वाचतात. उजेडासाठी खिडकीजवळ बसावे हे सांगणे नको. मात्र मोबाईलची स्वतःची सावली पानावर पडते, तीकडे लक्ष असावे.

भिंत, छत, पाण्याची टाकी, कुंपण यांच्या छायाचित्रांत वरची बाजू कोणती हे दाखविणारी एखादी वस्तू मुद्दाम येऊ द्यावी. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे भेगेच्या शेजारी खडूने शाळेचे नाव व दिनांक लिहिणे. देवनागरी अक्षरास शिरोरेखा असल्यामुळे एका शब्दावरूनही चित्राचा माथा कोणता हे कळते. असे छायाचित्र पुढे कितीही वेळा कलंडले तरी पाहणाऱ्याची फसगत होत नाही. भेगेच्या बाजूला मोजपट्टी टेकवून धरल्यास तिची रुंदीही आपोआप कळेल.

आता छायाचित्र काढून झाले आहे व ते आडवे जाण्याची भीती आहे, अशा वेळी काय करावे? तत्त्व एकच : चिठ्ठीवर विसंबू नये, ठिपकेच सरळ क्रमाने लिहून घ्यावेत. ठिपके सरळ लिहिले गेले आणि चिठ्ठीतील अंक १ झाला की चिठ्ठी वाचणाऱ्यास व न वाचणाऱ्यास चित्र सारखेच दिसते.

मोबाईलवर हे करण्याची सोपी रीत अशी. छायाचित्र उघडून "एडिट" या सोयीत जावे, कडेचा अगदी थोडा भाग छाटावा आणि नवी प्रत म्हणून जतन करावे. छाटणीमुळे साधनाला चित्र पुन्हा लिहावे लागते, आणि बहुतेक साधने ते लिहिताना डोळ्यांना दिसते तसेच सरळ लिहितात. मूळ छायाचित्र पुसून टाकू नये. केवळ "फिरवा" हे बटण दाबण्यापेक्षा छाटणी अधिक भरवशाची. कारण काही साधने फिरविताना ठिपक्यांना हात न लावता फक्त चिठ्ठीतील अंक बदलतात, आणि मग परिस्थिती होती तशीच राहते. छायाचित्र मोबाईलवर मुळातच सरळ दिसत असेल तर शिक्षक फिरविण्याच्या भानगडीत पडत नाहीत, पण छाटणी अशाही वेळी उपयोगी पडते.

केंद्रशाळेतील संगणकावरून पत्र पाठवावयाचे असल्यास चित्र "पेंट" या साधनात उघडावे. ते तेथे आडवे दिसले तर "रोटेट" हा पर्याय वापरून सरळ करावे, आणि सरळ दिसत असले तरीही, नव्या नावाने जतन करावे. आकार मोठा असेल तर याच वेळी "रिसाइझ" करून रुंदी दीड-दोन हजार ठिपक्यांपर्यंत आणावी. कागदावरील अक्षरे वाचण्यास तेवढी पुष्कळ होते. आकाराचा प्रश्नही गौण नाही. ई-मेलची पद्धती मुळात केवळ अक्षरांसाठी होती. चित्रे व इतर फाईली पाठविण्याचा "माइम" नावाचा संकेत १९९२ साली ठरला, तेव्हा त्यांचे अक्षरांत रूपांतर करून पाठविण्याची तोड निघाली. या रूपांतरात प्रत्येक तीन भागांचे चार भाग होतात, म्हणजे पत्राचे वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढते. जीमेलवर जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे. चार-पाच एमबीची पाच-सहा छायाचित्रे एकाच पत्रात घातली की पत्र अडून बसते, व त्याचे कारण शिक्षकास उमगत नाही.

सरळ केलेल्या छायाचित्राची परीक्षा घेण्याचा मार्गही साधा आहे. पत्र प्रथम स्वतःच्याच पत्त्यावर पाठवावे आणि ते मोबाईलवर न पाहता दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावे. मोबाईलवर पाहिल्याने काहीच सिद्ध होत नाही. ज्याने चिठ्ठी लिहिली त्यानेच ती वाचली, इतकेच. पहिल्या एक-दोन वेळा ही परीक्षा घेतली म्हणजे आपल्या मोबाईलचा स्वभाव कळतो व पुढे प्रत्येक वेळी तसे करावे लागत नाही.

एका चमत्कारिक प्रकाराची सूचना येथे देणे आवश्यक आहे. पुष्कळदा असे होते की, संगणकावर आडवे दिसलेले चित्र एखादा शिक्षक मोठ्या काळजीने फिरवून सरळ करतो, पण ते पुन्हा मोबाईलवर पाहिले असता तेथे आडवे दिसू लागते. याचा अर्थ ठिपके सरळ झाले परंतु जुनी चिठ्ठी तशीच चिकटून राहिली. वरील खेळातील फळ्यावरचा बाण एकाने सरळ करून ठेवला आणि चिठ्ठी मात्र फाडली नाही. मागून आलेल्या दुसऱ्याने ती इमानाने वाचली व सरळ बाणाला आणखी पाव फेरा दिला. आता बाणाचे टोक उजवीकडे गेले. यावरून एक अनुमान बांधता येते. उभ्या मोबाईलने काढलेल्या छायाचित्रातील माणसांची डोकी डावीकडे पडलेली असतील तर चिठ्ठी वाचली गेली नाही असे समजावे. उजवीकडे पडलेली असतील तर चित्र दोनदा फिरले असे समजावे. सर्वच मोबाईलांना हे लागू पडेल असे नाही, आणि कागदाच्या छायाचित्रांना तर नाहीच; परंतु बहुतेक प्रसंगी हा अंदाज बरोबर ठरतो. दोनदा फिरलेल्या चित्रावर आणखी प्रयोग करीत बसू नये. मूळ छायाचित्राकडे परत जाऊन छाटणीची रीत अवलंबावी.

पुनःपुन्हा फिरवून जतन करण्यात दुसराही एक तोटा आहे. आपली बहुतेक छायाचित्रे "जेपेग" पद्धतीने साठविलेली असतात. ही पद्धत चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे लहान चौकोन पाडते व प्रत्येक चौकोनातील बारीकसारीक तपशील थोडा गाळून जागा वाचविते. प्रत्येक नव्या लेखनात ही गाळणी पुन्हा लागते. एकदोनदा झाले तर डोळ्यांना फरक कळत नाही, परंतु सात-आठ वेळा फिरविलेल्या पानावरील फिकट शाईची अक्षरे फुटकळ दिसू लागतात.

काही शिक्षक पडद्याचेच चित्र घेऊन, म्हणजे "स्क्रीनशॉट" काढून, ते पाठवितात. ही युक्ती हमखास चालते, कारण पडद्यावर जे ठिपके दिसतात तेच जसेच्या तसे उचलले जातात. मात्र तिची किंमत अशी की पडद्यावर मावतील तेवढेच ठिपके उरतात, आणि मूळ छायाचित्र केव्हा काढले याची चिठ्ठीतील नोंद नाहीशी होते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने आलेल्या छायाचित्राचीही गत अशीच. समारंभाच्या छायाचित्राला हे चालेल. पडझडीचा पुरावा म्हणून पाठवावयाच्या छायाचित्राची मूळ प्रत मात्र मोबाईलमध्ये जपून ठेवावी. पुढे दिनांकाविषयी प्रश्न निघाला तर तीच उपयोगी पडते.

चिठ्ठीत दिनांकाप्रमाणे जागेचीही नोंद असू शकते. मोबाईलमध्ये स्थान नोंदविण्याची सोय सुरू असेल तर छायाचित्र कोणत्या अक्षांश-रेखांशावर काढले हे फाईलमध्ये लिहिले जाते. शाळेच्या भिंतीच्या बाबतीत याने लाभच होईल. परंतु एखाद्या विद्यार्थिनीच्या घरी जाऊन काढलेले छायाचित्र परक्या पत्त्यावर पाठविताना तिच्या घराचा ठावठिकाणाही त्याबरोबर जात आहे, हे पाठविणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे. अशी छायाचित्रे काढताना कॅमेऱ्यातील ती सोय बंद करावी.

कागदपत्रांसाठी तर छायाचित्राचा नादच सोडावा हे उत्तम. अँड्रॉइड मोबाईलवरील गूगल ड्राइव्हमध्ये "स्कॅन" अशी सोय आहे. तिने पानाच्या कडा ओळखून अनेक पानांची मिळून एकच पीडीएफ फाईल करता येते. आयफोनवर हीच सोय "नोट्स"मध्ये आहे. पीडीएफ हे पानांचे साधन असल्यामुळे त्यातील पानाची दिशा सर्व संगणकांवर सारखीच दिसते. टेबलावर पालथ्या धरलेल्या मोबाईलने येथेही एखादे पान आडवे येऊ शकते. परंतु फाईल पुरी करण्यापूर्वी सर्व पाने ओळीने समोर येतात, त्याच वेळी ते सरळ करून घ्यावे. हजेरीपटाची दहा पाने दहा छायाचित्रांऐवजी एका फाईलमध्ये पोहोचली तर कार्यालयालाही पानांचा क्रम जुळवीत बसावे लागत नाही.

राहता राहिला प्रश्न ज्याच्याकडे आडवी छायाचित्रे येऊन पोहोचली आहेत त्याचा. केंद्रप्रमुख किंवा मुख्याध्यापक यांच्याकडे इतरांची पत्रे येतात तेव्हा तेही या जागी असतात. पत्राच्या मजकुरातील चित्र आडवे दिसल्यास लगेच उलट टपाली तक्रार करू नये. चित्रावर उजवी कळ दाबून ते प्रथम संगणकात उतरवून घ्यावे व छायाचित्रे दाखविणाऱ्या साधनात उघडावे. चिठ्ठी शाबूत असेल तर ते तेथे सरळ उभे राहते. तेथेही आडवेच राहिले तर चिठ्ठी वाटेत गळाली, किंवा काढतानाच चुकीची लिहिली गेली, असे समजून ते स्वतः फिरवून घ्यावे. वरची बाजू कोणती हे चित्रावरून ठरत नसेल, म्हणजे नुसता गिलावा आणि भेग एवढेच दिसत असेल, तेव्हा मात्र फिरविण्याचे धाडस करू नये. शाळेला दूरध्वनी करून भेग जोत्याकडून वर गेली आहे की छताखालून आडवी, हे विचारून घ्यावे आणि ते उत्तर प्रस्तावाच्या कागदावर लिहून ठेवावे.